अग्निवीरचा फॉर्म भरण्याआधी: चार वर्षांचा शब्द पेलेल का, हे घरीच कसं तपासायचं

कोल्हापूर जिल्ह्यात पोरगं सैन्यात जाणं ही नवलाई नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या तर नावातच ‘सैनिक’ आहे. पहाटे कळंब्याच्या रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात, गडहिंग्लज-गारगोटीच्या माळांवर पोरं धावताना दिसतात. त्यांना सोळाशे मीटर धावण्याचं टायमिंग विचारा, सेकंदात सांगतील. वर्षाला रजा किती, मधेच नको वाटलं तर काय होतं, चार वर्षांनी हातात काय राहतं, हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. टायमिंग तीन-चार महिन्यांत सुधारता येतं. सही करून दिलेला शब्द मात्र मागे घेता येत नाही. म्हणून ही दुसरी तयारी आधी तपासायची, आणि तीही फॉर्म भरायच्या अगोदर. मुलगा आणि आई-बाप, दोघांनीही वाचावं असं हे लिहिलं आहे.

आधी करार समजून घ्या

अग्निपथ योजना 14 जून 2022 ला जाहीर झाली. जवान म्हणून सैन्यात जायचा आजचा मुख्य रस्ता तोच, आणि त्यातून भरती झालेला जवान म्हणजे अग्निवीर. सेवा चार वर्षांची आणि ट्रेनिंग त्यातच धरलेलं. चार वर्षांनी प्रत्येक तुकडीतल्या जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीरांना कायम केडरमध्ये, म्हणजे कायमच्या नोकरीत घेतात आणि त्यांची पुढची सेवा किमान 15 वर्षांची असते. उरलेले परत येतात. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीन कार्ड नाही. गावात अजून कित्येकांच्या डोक्यात ‘मिलिटरीत लागला म्हणजे जन्माची सोय झाली’ हेच पक्कं बसलंय, कारण त्यांनी पाहिलेले फौजी जुन्या भरतीचे आहेत. काकांना जे मिळालं ते पुतण्याला मिळेलच, असं धरून चालू नका.

वार्षिक रजा 30 दिवस. काश्मीरमधून किंवा ईशान्येकडून कोल्हापूरला येऊन परत जायचं तर तीन-चार दिवस प्रवासातच जातात, त्यामुळे एका वर्षात गणपती, दिवाळी आणि बहिणीचं लग्न हे सगळं जमणार नाही. अर्ज करताना मुलगा अविवाहित हवा आणि चार वर्षं पूर्ण होईपर्यंत लग्नाला परवानगी नाही. घरात कुणी सोयरीक ठरवून ठेवली असेल, तर ही अट त्या घरालाही आजच सांगा.

मधेच सोडून यायचं म्हटलं, तर स्वतःच्या मर्जीने येता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत, वरिष्ठांच्या मंजुरीनेच सुटका होते. तशी सुटका झाल्यास सेवानिधीतला (दरमहा पगारातून कापून साठवलेल्या रकमेतला) स्वतःचा कापलेला हिस्सा व्याजासह मिळतो, सरकारचा हिस्सा मिळत नाही. आणि न सांगता निघून आला तर प्रकरण कायद्यात जातं. भरती झालेल्या माणसाला आर्मी ॲक्ट 1950 लागू होतो. विनापरवाना गैरहजेरीला कलम 39 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पळून जाणं हा कलम 38 खालचा वेगळा गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे, आणि प्रत्यक्ष मोहिमेवर असताना पळाल्यास त्याहून कडक, थेट मृत्युदंडापर्यंत. एमआयडीसीतलं काम नको झालं की दुसऱ्या दिवशी जायचं बंद करता येतं. इथे तो मार्ग नाही, हे सतरा वर्षांच्या पोराला कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं. अठराच्या आत असेल तर भरतीच्या कागदांवर पालकांचीही सही लागते. ती करण्याआधी बापाने हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पैशाचा हिशेब वहीत मांडा

जाहीर झालेला पगार असा आहे:

पहिलं वर्ष: महिना 30,000, त्यातले हातात 21,000
दुसरं वर्ष: 33,000, हातात 23,100
तिसरं वर्ष: 36,500, हातात 25,550
चौथं वर्ष: 40,000, हातात 28,000

दरमहा 30 टक्के सेवानिधीत कापले जातात. चार वर्षांत ही कपात 5 लाख 2 हजारांच्या आसपास होते, तेवढीच भर सरकार घालतं, आणि सुमारे 10 लाख 4 हजार अधिक व्याज शेवटी एकरकमी मिळतं. त्यावर आयकर नाही. कठीण भागातले भत्ते वेगळे.

घोळ होतो तो इथे. घरची मंडळी ‘दहा लाख’ धरून बसतात आणि त्याच्या जोरावर आजच घराचा स्लॅब, ट्रॅक्टरचा हप्ता नाहीतर बहिणीच्या लग्नाचं कर्ज काढतात. ते दहा लाख चार वर्षांनी येणार आहेत. तोपर्यंत हातात येणाऱ्या 21,000 मधून मुलाचा स्वतःचा खर्च, रजेचा प्रवास, थोडी शिल्लक हे वजा करा आणि जे उरेल त्यावरच घराने डोळा ठेवावा. आमचं मत विचाराल तर पहिल्या वर्षी घराने महिन्याला 12-13 हजारांपेक्षा जास्त धरूच नयेत. ज्या घराचं पोट या पगारावाचून चालत नाही, तिथला मुलगा चार वर्षांनी परत आल्यावर काय करायचं, हे आत्ताच ठरवायला लागतं.

दुसरा आकडा बोलायला जड जातो, पण बोलायचाच. सेवेत असताना मृत्यू आल्यास 48 लाखांचा विमा असतो आणि त्याचा हप्ता अग्निवीराला भरावा लागत नाही. मृत्यू सेवेमुळे झाला असेल तर 44 लाखांचं सानुग्रह अनुदान आणि उरलेल्या काळाचा पगारही मिळतो. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी प्रमाणानुसार 44, 25 किंवा 15 लाख. आईसमोर हा विषय काढायला पोरं कचरतात आणि बाप ‘अभद्र बोलू नको’ म्हणून गप्प करतो. जे घर हे आकडे एकदा शांतपणे वाचू शकत नाही, ते घर अजून तयार झालेलं नाही. मुलगा झाला असेल कदाचित.

निर्णय कुणाचा आहे, हे वेगळं काढा

सैन्याची परंपरा असलेल्या घरात पोराला ‘नको’ म्हणायची सोय नसते. गावात मित्रांची चौकडी धावायला लागली की पाचवाही धावतो. दोन्हीकडे मुलगा खोटं बोलत नसतो, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. त्याला बापासमोर विचारू नका. मामा, शिक्षक, तालमीतले वस्ताद, ज्याच्यासमोर तो मोकळा बोलतो अशा माणसाने एकट्याला गाठून तीन गोष्टी विचाराव्यात. भरती झाली नाही तर तुला वाईट वाटेल की सुटल्यासारखं वाटेल? मित्र नापास झाला आणि तू एकटाच पास झालास तर जाशील का? चार वर्षांनी त्या 25 टक्क्यांत आला नाहीस तर पहिल्या सोमवारी सकाळी काय करशील? तिसऱ्या प्रश्नाला ‘बघू’ एवढंच उत्तर आलं, तर अजून सहा महिने घ्या. घाई नसते. योजनेत वयाची मर्यादा साडेसतरा ते 21 अशी ठेवली होती. जन्मतारखेच्या नेमक्या कडा त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघून घ्या. म्हणजे बहुतेक मुलांना तीन तरी संधी मिळतात.

एवढ्यावरूनच आणखी एक सल्ला. बारावी अर्धवट सोडून जाऊ नका. दहावीवर जनरल ड्यूटीचा फॉर्म भरता येतो (एकूण 45 टक्के, प्रत्येक विषयात 33). पण बारावी सायन्सला एकूण 50 आणि विषयवार 40 टक्के असतील तर टेक्निकल उघडतं. कोणत्याही शाखेतून बारावीला एकूण 60 आणि विषयवार 50 असतील तर क्लार्क आणि स्टोअरकीपर टेक्निकल, तिथे इंग्रजी आणि गणित किंवा बुक-कीपिंग बघतात. 2025 पासून पात्रतेप्रमाणे दोन प्रकारांना अर्ज करता येतो. सेवेतही दहावी पास अग्निवीरांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावीची आणि इग्नूमधून पदवीची सोय केलेली आहे. तरी बाहेर येऊन पोलीस भरतीला उभं राहायचं झालं, तर हातातली बारावी कामाची.

ज्याच्याकडून माहिती घ्यायची तो माणूस नीट निवडा. वीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेले सुभेदारसाहेब शिस्त समजावतील. अग्निवीरचे नियम मात्र रजेवर आलेला अग्निवीरच सांगू शकेल. त्याला टायमिंग विचारू नका. पहिल्या महिन्यात झोप किती तास मिळाली, घरी फोन किती दिवसांनी करता आला, बरोबरचं कुणी रडलं का, हात कितीदा सोलले, परत जाताना पाय जड होतात का, हे विचारा. पालकांना सरकारी कागदांबद्दल शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन बोलता येतं.

नव्वद दिवसांची घरची चाचणी

ही चाचणी सरकारी नाही, आम्ही सुचवतोय. पण यातली प्रत्येक गोष्ट ट्रेनिंगच्या पहिल्या तीन महिन्यांत अंगावर येते, म्हणून ती आधीच घरी अंगावर घ्यायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. आईला करायला लावा, स्वतः केलेली खूण खोटी निघते.

पहाटे पाचला उठायचं, कुणी न उठवता. गजर एकदाच. नव्वदात दहापर्यंत चुकलेले दिवस चालतील. उठल्यावर पंधरा मिनिटांत अंथरूण घडी, दाढी, तोंड धुणं, बूट बांधून दारात.

फोन संध्याकाळी आठला आईच्या ताब्यात, परत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला. रविवारी पूर्ण दिवस बंद. ट्रेनिंग सेंटरमध्ये फोन वापरायला बंधन असतं आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त घालमेल त्याचीच होते. इथे तिसऱ्या दिवशी भांडण झालं तर नवल नाही. पंधराव्या दिवशीही होत असेल तर लिहून ठेवा.

आपले कपडे आपण धुवायचे, बूट पॉलिश करायचे, ताट घासायचं. पोरं पळण्यात तरबेज असतात आणि शर्टाचं बटण लावता येत नाही, ही आमच्याकडची नेहमीची गंमत आहे.

जे ताटात येईल ते खायचं. तांबडा-पांढरा रविवारी ठीक, पण आठवड्यातून चार दिवस गव्हाची रोटी, राजमा, छोले, पातळ डाळ, आणि तक्रार नाही. पाच मिनिटांत जेवण आटोपायची सवय लावा.

मावा, गुटखा, सिगारेट, दारू पहिल्या दिवसापासून बंद. चोरून एकदा खाल्ला तर तो दिवस चुकलेला धरायचा. धावताना दम लागण्यामागे पुष्कळदा तंबाखूच असते आणि कबूल कुणी करत नाही.

हिंदी बोला. आपल्याकडच्या पोरांना समजते सगळी, बोलायला लागलं की ‘वो मेरेको’च्या पुढे गाडी जात नाही. रोज पंधरा मिनिटं मोठ्याने हिंदी बातम्या वाचा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथेच जायला मिळेल याची खात्री कुणी देत नाही. गरज आणि प्रकार बघून दुसऱ्या कोणत्याही रेजिमेंटमध्ये किंवा कोअरमध्ये पाठवतात.

यानंतरच्या दोन गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या आणि सगळ्यात जास्त टाळल्या जाणाऱ्या. पहिली, परक्या माणसाच्या हुकमाखाली काम. हंगामात गुऱ्हाळावर, एखाद्या गॅरेजमध्ये, लग्नाच्या केटररकडे, कुठेही पंधरा दिवस सलग जा. नात्यातलं कुणी नको. सांगितलेलं काम ‘का’ न विचारता पूर्ण करायचं, बोलणी खायची आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर राहायचं. तालमीत वाढलेल्या मुलांना हे सोपं जातं, कारण वस्तादांचा शब्द मोडायचा नसतो हे त्यांच्या अंगात असतं. घरात एकुलता एक, लाडात वाढलेला असेल तर हीच गोष्ट सगळ्यात अवघड. दुसरी, सलग दहा दिवस घराबाहेर, जिथे ओळखीचं कुणी नाही. कॉलेजात एनसीसी असेल तर तिचा दहा दिवसांचा वार्षिक कॅम्प यासाठी उत्तम. शिवाय एनसीसीच्या ए, बी, सी प्रमाणपत्रांना भरतीत चढत्या क्रमाने बोनस गुण आहेत.

आता निकाल कसा वाचायचा. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात सगळ्यांचाच उत्साह ओसरतो. तिथे दोन-चार दिवस बुडाले आणि गाडी परत रुळावर आली तर उत्तम, सैन्यात नेमकी हीच गोष्ट लागते. उठणं, जेवण, हिंदी यांत कमी पडला तर काळजी करू नका, ती सवयीची कामं आहेत. हुकूम सहन झाला नाही, किंवा परक्या ठिकाणी चौथ्या दिवशीच घरी आला, तर मात्र थांबा आणि त्याच्याशी बोला. त्याला भित्रा ठरवू नका. कित्येकदा वर्षभराने तोच मुलगा सहज राहतो. सतत झोप न येणं, छातीत धडधड, रडू कोसळणं असं काही दिसलं तर ते लपवून भरतीला पाठवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. रॅलीत, म्हणजे मैदानावरच्या भरती मेळाव्यात, 2024 पासून मोबाईलवर सुमारे पंधरा मिनिटांची अनुकूलता चाचणीही घेतात; मुलगा सैन्याच्या वातावरणात रुळेल का, हे तीत बघतात. तिची पाठांतरं विकणारे निघालेत. पैसे घालवू नका, फक्त चार्ज केलेला फोन आणि पुरेसा डेटा सोबत ठेवा.

शरीर: आधी तपासणी, मग धावणं

बहुतेक जण सहा महिने पळतात आणि मेडिकलला सपाट तळव्यात बाद होतात. उलटं करा. पाय ओले करून कोरड्या शहाबादी फरशीवर उभे राहा. पूर्ण तळव्याचा ठसा उमटला, आतल्या बाजूची कमान दिसलीच नाही, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गुडघे जुळवून उभं राहिल्यावर घोट्यांमध्ये 5 सेंटीमीटरपेक्षा जास्त फट राहत असेल तर तीही अडचण. हात सरळ सोडल्यावर कोपरापासून बाहेर वळणारा कोन 15 अंशांपेक्षा जास्त नको. रंगांधळेपणाची पुस्तिका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोन मिनिटांत बघून होते. कानातला मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्या, काडी घालू नका. किडलेले दात भरून घ्या, दातांचे किमान 14 गुण लागतात. मूळव्याध, हायड्रोसील, अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, पोटरीच्या शिरा, तळहाताला सतत सुटणारा घाम, हे लाजेने लपवलेलं सगळं तिथे कपडे काढल्यावर दिसतंच. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कमी खर्चात हे सगळं तपासून घेता येतं, आणि शस्त्रक्रिया लागली तर जखम भरायला महिने हाताशी राहतात. गोंदण फक्त हाताच्या आतल्या बाजूला, कोपर ते मनगट, आणि पंज्याच्या मागच्या बाजूला चालतं. दंडावर महाराजांचं चित्र काढून घ्यायची हौस असेल तर ती आवरा.

उंची आपल्या भागासाठी जनरल ड्यूटीला 168 सेंटीमीटर, टेक्निकलला 167, क्लार्कला 162. छाती 77 आणि फुगवून 5 सेंटीमीटर जास्त. उंचीत एक-दोन सेंटीमीटर कमी असलेल्यांना लटकून उंची वाढवायचे सल्ले मिळतात. सतराव्या-अठराव्या वर्षी त्याने काही हाती लागत नाही. मुलींना मिलिटरी पोलीसमध्ये जाता येतं. तिथे उंची 162 आणि 1.6 किलोमीटर साडेसात मिनिटांत, दुसऱ्या गटात आठ मिनिटांत.

मुलांचं 1.6 किलोमीटर म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. 5 मिनिटं 30 सेकंदांत आलात तर 60 गुण, 5:45 पर्यंत 48. 2025 पासून 6:00 पर्यंत 36 आणि 6:15 पर्यंत 24 असे आणखी दोन गट जोडले. बीमवर (आडव्या दांडीवर) पुल-अप्स दहा काढले तर 40 गुण, सहाला 16. नऊ फुटांच्या खड्ड्यावरून उडी आणि झिगझॅग पट्टीवरून तोल सांभाळत चालणं, हे दोन्ही फक्त पार करायचे. 5:30 साठी एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत पडते. पोरं पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारतात, कारण मोठी तुकडी एकदम सुटते आणि मागे पडायची भीती असते. मग तिसऱ्या फेरीत पाय दगड होतात. सरावातच पहिली फेरी 80-81 ला बांधायची सवय लावा. पहिल्या वळणावर ढकलाढकली होते, तिथे आतल्या कडेला अडकण्यापेक्षा एक पाऊल बाहेरून जा.

आठवड्याचा साधा बेत बारा आठवडे चालवा. सोमवारी पाच किलोमीटर, बोलता येईल इतक्या सावकाश. मंगळवारी 400 मीटरच्या सहा फेऱ्या, प्रत्येक 84 सेकंदांच्या आसपास, मधे दीड मिनिट चालणं. बुधवारी धावणं नाही, बीम आणि पोटाचे व्यायाम. गुरुवारी सहा-सात किलोमीटर. शुक्रवारी 200 मीटरच्या आठ वेगवान धावा. शनिवारी सुट्टी. रविवारी जोतिबाची नाहीतर पन्हाळ्याची चढण, आणि दर दुसऱ्या रविवारी घड्याळ लावून सोळाशे. रोज सोळाशेची रेस लावणारी पोरं सहाव्या आठवड्यात नडगी धरून बसतात. डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी पळणं हे त्याचं दुसरं कारण. नडगी दुखायला लागली की दहा दिवस मातीच्या मैदानावर या, सायकल चालवा. वेदनाशामक गोळी खाऊन पळू नका. पुल-अप एकही निघत नसेल तर स्टुलावरून हनुवटी बीमच्या वर न्या आणि पाच सेकंद लावून खाली या, असे पाच-पाचचे चार डाव. झटका देऊन काढलेला मोजत नाहीत.

मैदानाच्या कडेला कुणी ‘इंजेक्शन’ सुचवलं तर तिथून निघा. उत्तेजक घेतलेलं सापडलं तर उमेदवारी जाते, आणि शरीराचं जे होतं ते वेगळंच.

लेखी परीक्षा आता रॅलीच्या आधी, संगणकावर होते. 2023 पासून क्रम असा बदलला आणि नुसत्या पळण्यावर विसंबलेल्यांची तिथेच गाडी अडते. जनरल ड्यूटीला एका तासात 50 प्रश्न, 100 गुण, पासाला 35. सामान्य ज्ञान, विज्ञान, गणित प्रत्येकी 15 प्रश्न, बुद्धिमत्ता 5. चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो, म्हणजे दोन गुणांच्या प्रश्नाला अर्धा गुण. मराठीतूनही देता येते. दुपारी दीड तास दहावीचं गणित-विज्ञान, एवढं नियमित झालं तरी पुरतं.

कागद आणि दलाल

कोल्हापूरच्या सेना भरती कार्यालयाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा येतं. अर्ज फक्त joinindianarmy.nic.in या सरकारी संकेतस्थळावरच, फी 250 रुपये. गेल्या काही वर्षांत नोंदणी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान झाली आहे, म्हणून कागद दिवाळीतच जमवा.

सगळ्यात जास्त अडतं ते नावात. आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी, आणि आईच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. फॉर्ममध्ये दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. दुरुस्तीला वेळ लागतो. तहसीलदारांचा फोटोसह रहिवासी दाखला, जातीचा दाखला, शाळेचा आणि सरपंच किंवा महापालिकेचा चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला हे लागतात. चारित्र्याचे आणि अविवाहित असल्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतले हवेत, म्हणून ते मात्र फार आधी काढू नका. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे वीस फोटो, पॅन, बँक खातं, विहित नमुन्यातलं नोटरी केलेलं शपथपत्र.

पोलिसांच्या पडताळणीचा विचार मिरवणुकीतच करायला लागतो. मंडळाच्या हाणामारीत नाव आलं, की नंतर ‘मी नुसता उभा होतो’ सांगत फिरावं लागतं. धावणाऱ्या पोराने वर्ष-दोन वर्षं डॉल्बीपुढच्या गर्दीपासून चार हात लांबच राहावं.

‘आतून काम करून देतो’ म्हणणारा माणूस प्रत्येक रॅलीला भेटतो. त्याचा धंदा सोपा आहे: दहा जणांकडून पैसे आणि मूळ कागद घ्यायचे, जे दोन-तीन जण स्वतःच्या बळावर लागतील त्यांचे पैसे ठेवायचे, बाकीच्यांना झुलवायचं. मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही हातात देऊ नका, अकॅडमीच्याही नाही. अकॅडमी निवडताना भिंतीवरचे फोटो बघू नका. मैदान मातीचं आहे का, लेखी कोण शिकवतं, मुलगा मधेच सोडून गेला तर फी परत मिळते का, हे लेखी विचारा.

पाचव्या वर्षाचा कागद आणि शेवटचे पंधरा दिवस

निघण्याआधी मुलाने एका पानावर लिहावं: कायम झालो नाही तर काय. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये माजी अग्निवीरांना 10 टक्के आरक्षण आणि वयाची सवलत 2022 मध्येच जाहीर झाली आहे. पण ती भरती वेगळी, तिचा अभ्यास वेगळा. दुसरा रस्ता सेवेतच मिळणाऱ्या कौशल्याचा: ड्रायव्हिंग, इलेक्ट्रिक, स्टोअर. तिसरा घरच्या शेतीचा किंवा धंद्याचा, आणि तिथे सेवानिधीतले किती घालायचे आणि किती मोडायचे नाहीत हे आत्ताच ठरवून ठेवा. चार भाऊबंद सल्ला द्यायला नंतर जमतातच.

बोलावणं आल्यावर शेवटच्या पंधरा दिवसांत हार घालून मिरवणुकीपेक्षा काही कामं उरकायची असतात. मोटरसायकलचा हप्ता चालू असेल तर गाडी विकून टाका किंवा हप्ता भावाच्या नावावर कागदोपत्री लावा. मित्राच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर बँकेत जाऊन बोला. बँक खात्याला वारस नोंदवा, मोबाईल नंबर जोडलेला आहे का बघा, आणि ते सिम घरी ठेवायचं की सोबत न्यायचं ते ठरवा, कारण ओटीपी त्याच्यावरच येणार. सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स घरी एका फाईलमध्ये ठेवा. आईला पत्र पोस्टात टाकायला आणि आलेलं पत्र जपून ठेवायला सांगा, पहिल्या महिन्यात फोन रोज लागणार नाही. फोन आल्यावर घरच्या अडचणींचा पाढा वाचू नका, आणि पोरगा रडला तर ‘ये निघून’ असं चुकूनही म्हणू नका. उस्तादांशी (ट्रेनिंग देणाऱ्यांशी) नाहीतर कंपनीतल्या, म्हणजे तुकडीतल्या, सीनियरशी बोल, एवढंच सांगा.